म्हाळाला बसलेला जपानी

आमच्या घरात जपानी वस्तू येत नाही. आजीचा तसा हुकूमच होता, आणि ती जाऊन चाळीस वर्षं झाली तरी तो मी चालवते. मामाने एकदा आखातातून टू-इन-वन आणला होता. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तसा दुसरा नव्हता. आजीने तो उलटा केला, खालचं लेबल माझ्याकडून वाचून घेतलं आणि उचलून दाराबाहेर चपलांशेजारी ठेवला. मी आठ वर्षांची होते. असं भोकाड पसरलं की खालच्या मजल्यावरचे वर आले. आजी ढिम्म. "मेल्यांनी तुझ्या आज्याक उपाशी मारल्यानी," ती म्हणाली, "तेंचा यंत्र माझ्या घरात गाणी म्हणतला?"

आता हसू येतं, पण हसले तरी मी बदलले नाही. गेल्या वर्षी अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, श्वासाचं मशीन आणायला गेले तेव्हा दुकानदाराला आधी विचारलं, "जपानी नाही ना हो?" तो म्हणाला, "बाई, जपानी असतं तर झकास असतं, आवाज करत नाही." मी आवाज करणारं आणलं. चौऱ्याऐंशीचे अण्णा, छातीने हैराण, माझ्या हट्टापायी त्या घरघरीत झोपायचे. कधी तक्रार केली नाही. अण्णा तक्रार करणाऱ्यातले नव्हतेच, ते काम मी आणि आजीने वाटून घेतलं होतं.

माझे आजोबा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्यांनी त्यांना सिंगापूरला नेलं, तिथे जपान्यांनी पकडलं, जहाजात कोंबलं आणि कुठल्याशा लांबच्या बेटावर धावपट्टी खणायला लावलं. अण्णा तेव्हा रांगतही नव्हते. युद्ध संपल्यावर शेजारच्या गावचा एकजण परत आला, नुसता हाडांचा सापळा. तो काही महिने आजोबांच्या छावणीत होता. त्याने आजीला सांगितलं, दिवसाला मूठभर भात मिळायचा, पुढे पुढे तोही कमी झाला. केवढी मूठ, ते आजीने त्याला तांदूळ हातात घेऊन दाखवायला लावलं. ती मूठ तिने मला कितीदा दाखवली असेल. तिचा हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पुढे सरकारी कागद आला की मृत समजण्यात येत आहे. तारीख नाही. आजीने त्या दिवशी कुंकू पुसलं. पण नवरा त्याआधी कधी गेला, किती वर्षं आपण फुकट कुंकू लावून हळदीकुंकवांना मिरवलो, हे तिला मरेपर्यंत कळलं नाही. तिचा खरा राग त्याचाच होता. "तारीख तरी द्यायची होती मेल्यांनी," म्हणायची.

अण्णांना राग नव्हता. त्यांना फक्त तिथी हवी होती. आमच्यात माणूस गेला की त्याच्या तिथीला दरवर्षी त्याच्या नावाने पान वाढतात. तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्येला, सगळ्या विसरलेल्या, हरवलेल्यांच्या बरोबर. अण्णा पोस्टात कारकून होते, आयुष्यभर लोकांच्या पत्रांवर तारखेचे शिक्के मारले. आणि स्वतःच्या बापाला तारीख नाही! "सगळ्यांच्या घोळक्यात उभं राहून जेवतात गं ते," असं मला एकदाच म्हणाले होते. शेवटच्या दोन वर्षांत मात्र दुसरं बोलणं नाही. डॉक्टरांनी हात टेकलेले, आणि यांचं आपलं एकच, तिथी कळली असती तर एकदा तरी हाताने पान वाढलं असतं.

तर गेल्या भाद्रपदात तिसऱ्या मजल्यावरचा मास्तर माझ्याकडे आला. मास्तर म्हणजे माझ्याच वयाचा, सडाफटिंग, अंधेरीला संध्याकाळी जपानी भाषेचे वर्ग घेणारा. एवढा एक अवगुण सोडला तर माणूस चांगला. दोन्ही देशांच्या मैत्रीचे कार्यक्रम असले की दुभाषी म्हणून हाच उभा. दारातूनच म्हणाला, "बस जरा. आरडाओरडा करणार नाहीस असं कबूल कर."

"तू आधी बोल."

जपानहून एक निवृत्त शिक्षक येत होता. त्याचा बाप त्या बेटावर, त्या छावणीत कारकून होता. मेलेल्या हिंदी कैद्यांची वही त्याने लिहिली होती, आणि युद्धानंतर घरी नेऊन पोराबाळांपासून लपवून ठेवली होती. बाप गेल्यावर ती पोराला सापडली. आता तो म्हातारा वहीतल्या माणसांची घरं शोधत हिंडत होता. आजोबांचं नाव त्यात मोडकंतोडकं होतं, पण पलटणीचा नंबर बरोबर, गावाचं नाव तर अगदी बरोबर. अंधेरीला हॉलमध्ये मैत्रीचा सोहळा होता, दोन झेंडे, मोठे साहेब, फुलं. तिथे अण्णांच्या हातात त्या पानाची प्रत फ्रेम करून द्यायची आणि आमच्यापैकी कुणी दोन शब्द बोलायचे, असा बेत होता.

"कसले दोन शब्द?"

"हेच ना, की जुनं विसरून आपण पुढे..."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऐंशी वर्षं झाली, आता आलाय! माझी आजी तारखेसाठी झुरून मेली तेव्हा ती वही यांच्या कपाटात होती. आणि आता फ्रेम करून देणार, वर आमच्याकडून माफी वसूल करून नेणार. मास्तर म्हणाला, "अगं, देश असेच जुळतात. कुणीतरी आधी यावं लागतं." मी म्हटलं, "देश कधीच जुळलेत रे. त्यांच्या गाड्यांत बसतोय, त्यांची बुलेट ट्रेन येतेय, पेपरात गळ्यात गळे घातलेले फोटो येतात. माझ्या आजीला कुणी विचारलं होतं?"

आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. मशीनच्या घरघरीत एवढंच ऐकू आलं, "तिथी आहे का त्यात?"

मास्तर म्हणाला, "तारीख आहे, अण्णा. तिथी काढता येईल."

मी आत गेले तर अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि खांदे हलत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं की या घरात आता एकच गोष्ट महत्त्वाची आहे. पण माझ्या डोक्यात आजीची मूठ होती. मी बाहेर येऊन मास्तरला सांगितलं, "हॉलबिल आम्ही येणार नाही. अण्णांना जिने झेपत नाहीत. त्याला म्हणावं, वही घेऊन घरी जेवायला ये. सोहळ्याच्या आदल्या दिवशी."

मास्तरने बोटं मोजली. "त्या दिवशी सर्वपित्री आहे. म्हाळाच्या दिवशी पाहुणा बोलावतात का कुणी?"

"मी बोलावते."

त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. शहाणा माणूस, पण मी काय करणार आहे ते त्याला सांगितलं असतं तर त्याने आणलंच नसतं.

मी त्याला मूठभर भात वाढणार होते. केळीचं मोठं पान, त्यावर आजीच्या मुठीएवढा भात, बाकी काही नाही. मीठसुद्धा नाही. आणि सांगणार होते, तुझ्या बापाने माझ्या आजोबांना हे वाढलं होतं, घे, खा. मग वही घ्यायची आणि दार दाखवायचं. आठ-दहा दिवस मी त्याच आनंदात होते. खोटं कशाला बोलू? भाजी निवडताना वाक्यं जुळवायची, आंघोळीला गेले की मोठ्याने म्हणून बघायची. अठ्ठावन्न वर्षांची बाई, आणि गॅदरिंगच्या नाटकातल्या पोरीसारखी तयारी.

सर्वपित्रीला सकाळी अण्णांनी खुर्चीत बसून तीळपाणी सोडलं. दरवर्षी आमच्याकडे म्हाळाला, म्हणजे आजोबांच्या जागी जेवायला, तळमजल्यावरचे एक म्हातारे गृहस्थ बसत. आमच्या गावाकडे अशीच रीत. कुणीतरी ओळखीचा माणूस पितर म्हणून पानावर बसतो, त्याला पोटभर वाढायचं, आणि शेवटी विचारायचं, पोट भरलं का. तो भरलं म्हणाला की गेलेला माणूस जेवला. त्या वर्षी ते गृहस्थ लेकाकडे दिंडोशीला राहायला गेलेले. अण्णा म्हणाले, "बसायला कुणी नाही, तर नुसतं पान वाढ. कावळ्याला ठेवू."

मी पहाटेपासून सगळं केलं होतं. उडदाच्या वड्यांचं पीठ वाटलेलं, खीर, भोपळ्याची भाजी, गवार, आळूचं फतफतं, आमसुलाची चटणी. आजोबांचं कमी पडू द्यायचं नाही, ही आजीची शिकवण. कावळ्याचं पान ओट्यावर झाकून ठेवलं. आणि बाहेरच्या खोलीत पाट मांडून पाहुण्याचं पान घेतलं.

आमचं घर केवढं? दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेर जमिनीवर माणूस बसेल अशी जागा एकच, कपाट आणि फ्रिजच्या मधली. पन्नास वर्षं म्हाळाचं पान तिथेच पडतं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रागाने माणूस आंधळा होतो म्हणतात, मी तर पाट मांडून आंधळी झाले.

बरोबर बाराला ते दोघे आले. जपानी माणूस सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा असेल, बुटका, स्वच्छ, हातात कापडात गुंडाळलेली वही. दारातच कमरेत वाकला तो वर येईना. मी म्हटलं, "पुरे, बसवा त्यांना." तो पाटावर गुडघे मोडून बसला, पाठ ताठ. वही बाजूला ठेवली. मी आतून भाताचं पातेलं आणलं आणि पानाच्या मधोमध एक मूठ वाढली. हाताने. चमचा घेतला नाही.

मास्तरने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाकीचं?"

"बाकीचं नाही. सांग त्यांना, त्यांच्या वडिलांच्या छावणीत माझ्या आजोबांना दिवसाला एवढं मिळायचं. ऐंशी वर्षांनी परत करतेय."

"मी हे सांगणार नाही हं."

"तू दुभाषी आहेस. सांग."

मास्तरचे कान लाल झाले. पण त्याने सांगितलं, शब्दन् शब्द सांगितला असणार, कारण म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. मला वाटलं आता उठेल, नाहीतर रडेल, नाहीतर सॉरी सॉरी करेल. मला तेच बघायचं होतं, आजीच्या वतीने. तो पठ्ठ्या यातलं काही करीना. त्याने पानापुढे हात जोडले, काहीतरी पुटपुटला आणि उजव्या हाताने जेवायला लागला. कोरडा भात, मीठ नाही, आमटी नाही. एकेक घास चावून. शेवटी पानाला चिकटलेली दोन शितंसुद्धा बोटाने टिपली.

मी उभी होते. खरं सांगते, मला काहीच वाटलं नाही, आणि त्याचाच जास्त राग आला. एवढी वाक्यं जुळवली होती, एवढ्या वर्षांचा सूड, आणि दोन मिनिटांत पान रिकामं!

तेवढ्यात मागे खरखर झाली. अण्णा भिंत धरत दारापर्यंत आले होते, नाकातली नळी ओढत. त्यांनी आधी पाट पाहिला. मग पाटावरचा माणूस. मग पानावरचा भाताचा पांढरा डाग. त्यांना दम लागला असेल म्हणून मी धरायला गेले तर हात झटकला. आयुष्यात कधी झटकला नव्हता.

"हे पान कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"पाहुण्याचं."

"या जागेवर? आज?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई गं!

"बाबा जेवायला बसलेत," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात जे होतं ते मी आजीच्या तोंडी ऐकलं होतं, त्यांच्या कधीच नाही. "ऐंशी वर्षांनी माझे बाबा घरी जेवायला बसले, आणि तू त्यांना पुन्हा तेच वाढलंस? मूठभर भात? सैपाक करून ठेवलायस ना आत?"

मी आजोबांना उपाशी ठेवलं होतं. जपान्यांनी नाही, मी. म्हाळाच्या दिवशी, त्यांच्याच पानावर, घरात सगळं रांधलेलं असताना.

अण्णा पाटासमोर खाली बसले. कसे बसले देव जाणे, डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही सांगितलं होतं. हात जोडले आणि त्या परक्या म्हाताऱ्याला, त्यांच्याहून लहानच असलेल्या, विचारलं, "बाबा, पोट भरलं का?"

मास्तरने हळूहळू समजावून सांगितलं. या पानावर बसतो तो कोण असतो, हे काय विचारतायत, उत्तर काय द्यायचं असतं. रीतीप्रमाणे म्हणायचं असतं, भरलं. तो म्हातारा अण्णांकडे पाहत राहिला. मग त्याचे डोळे भरले आणि तो काहीतरी अगदी थोडं बोलला.

"काय म्हणाले?" अण्णांनी विचारलं.

मास्तर रिकाम्या पानाकडे बघत म्हणाला, "म्हणतात, नाही. भूक आहे अजून."

मी स्वयंपाकघरात पळाले. कढई चढवली. तेल तापेपर्यंत ओट्याला धरून उभी होते आणि ढसाढसा रडत होते, आजीला शिव्या देत होते, जपान्याला शिव्या देत होते, स्वतःला तर विचारूच नका. पहिला वडा करपला. मग सुरळीत लागले. अण्णांनी बसल्या बसल्या हाताने वाढलं, खीर, भाजी, फतफतं, चटणी. तो खात होता. वडा संपला की अण्णा ओरडत, "आण गं!" आणि मी आणत होते. पानावर बसलेल्याने मागितलं की नाही म्हणता येत नाही. सहा झाले, सात झाले. त्या वयात त्याने ते कसे पचवले कोण जाणे. यातला एकही मी त्याच्यासाठी तळला नाही, हे मात्र लिहून ठेवते.

अण्णांनी परत विचारलं. या वेळी तो म्हणाला, भरलं. मराठीत म्हणाला, मास्तरने शिकवलेलं, "भरला."

मग त्याने हात धुऊन वही उघडली. पिवळी पडलेली, मुंगीएवढ्या अक्षरांची. मास्तरने बोट ठेवून वाचलं, नंबर, नाव, गाव, तारीख. आणि पुढे एक शब्द होता.

"हे काय?" मी विचारलं.

"कारण. ताप, असं लिहिलंय."

"खोटं आहे," मी ओरडले. "साफ खोटं!"

मास्तरला ते भाषांतर करावं लागलं नाही, माझा चेहरा पुरेसा होता. म्हातारा म्हणाला, हो, खोटं आहे. वडिलांनी सगळ्यांच्या पुढे ताप लिहिला. तसा वरून हुकूम होता, आणि त्यांनी तो पाळला. मरायच्या आधी मला एवढंच म्हणाले, कुणालाच ताप नव्हता. त्याचा अर्थ वही सापडल्यावर कळला. हे सांगायला मी आलोय. उद्या हॉलमध्ये हे सांगू नका असं सोहळावाल्यांनी मला सुचवलंय.

त्याने खिशातून पेन काढलं. आजोबांच्या नावापुढच्या त्या शब्दावर रेघ मारली आणि बाजूला दुसरा लिहिला. बापाच्या वहीत, बापाच्या अक्षरावर. मास्तरने न विचारता वाचून दाखवलं, "भूक."

अण्णांना त्यातलं काही नको होतं. ते मास्तरच्या मागे लागले होते, "तिथी काढ रे, तिथी." मास्तरने फोनवर जुनं पंचांग लावलं. तिथी निघाली. अण्णांनी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि खाली, सवयीने, त्या दिवसाची तारीख घातली. कोणती तिथी ते मी इथे सांगत नाही, ती आमच्या घरची आहे. आजीने त्यानंतर अडीच वर्षं कुंकू लावलं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या सोहळ्याला मी गेले नाही. मास्तर म्हणाला, म्हातारा हॉलमध्ये भूकच म्हणाला, आणि पहिल्या रांगेतल्या साहेबांनी टाळ्या वाजवायच्या की नाही हे एकमेकांकडे बघून ठरवलं.

तिथी हिवाळ्यात आली. अण्णा तोवर टिकले, माझा डॉक्टरांवरचा विश्वास उडाला. मास्तर पानावर बसला. अण्णांना आता उठवत नव्हतं, मी पान त्यांच्या पलंगाजवळ मांडलं आणि त्यांनी पडल्या पडल्या एक वडा वाढला. दोन महिन्यांनी अण्णा गेले. त्यांची तिथी मला तोंडपाठ आहे.

जपानहून पत्र आलंय. यंदा सर्वपित्रीला यावं का, असं विचारतो. मास्तर रोज विचारतो, काय कळवू. मी त्या माणसाच्या बापाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, हे आधी कळव म्हटलं. त्याने तसं कळवलं. उत्तर आलं, ठीक आहे.

काल बाजारातून उडीद आणले. नेहमी अर्धा किलो आणते, या वेळी एक किलो आणले.